चार लिटरचं माप

सावळीकाकीचा रांजण मी उपडा केला त्याला आता बरीच वर्षं झाली. पण पाड्यावर कुणी पाण्यावरून भांडायला लागलं की अजूनही मी तिथून उठून घरात जाते.

आमचा पाडा धसईच्या पुढे, डोंगराला टेकलेला. पंचवीस घरं. एसटी धसईपर्यंत, पुढे पायी. आमची विहीर शिमग्यानंतर तळ दाखवायची. मग कपडे आणि गुरं नदीच्या डोहावर न्यायची, आणि प्यायच्या पाण्यासाठी ओहोळात झरा खणून वाटीवाटीनं हंडा भरायचा. नव्याण्णव साली ग्रामपंचायतीनं काळी प्लास्टिकची टाकी दिली. ती शाळेजवळच्या चौथऱ्यावर बसवली आणि मेच्या सुरुवातीपासून एक दिवसाआड टँकर यायला लागला. टाकीवर पांढऱ्या अक्षरांत दोन हजार लिटर असं लिहिलेलं होतं. टँकरवाला पाइप आत सोडायचा आणि टाकी वरून वाहायला लागली की काढायचा. सगळा पाडा तिथं उभा असायचा, त्यामुळे टाकी भरली की नाही याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

वाटपाचा नियम धर्मादादांनी घातला. ते पाड्यातले वडीलधारे, त्यांचा शब्द सगळे मानायचे. घर लहान असो की मोठं, घराला वीस मापं. माप म्हणजे एक गोल पत्र्याचा डबा, कडी लावलेला, चार लिटरचा. टाकीच्या नळाला कुलूप होतं. कुलपाची चावी आणि माप, दोन्ही सावळीकाकीच्या हातात दिलं. तिचं घर टाकीला लागूनच. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगी शहापूरकडे दिलेली. एकटी बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला चावी द्यायला कुणीच हरकत घेतली नाही. मीही नाही.

वाटप वरच्या आळीपासून सुरू व्हायचं आणि खाली संपायचं. शेवटची तीन घरं ठकीचं, गोदूचं आणि माझं. पहिल्या दोन टँकरांना आम्हा तिघींनाही वीस वीस मापं मिळाली. तिसऱ्या टँकरला ठकीचा हंडा भरता भरता नळ गुरगुरला आणि थांबला. ठकीला जेमतेम साडेचार मापं मिळाली, तीही तळाच्या गाळाची. गोदूला आणि मला काहीच नाही.

"आज टाकी कमी भरली असेल," मी म्हटलं.

"वाहिली की गो वरून," गोदू म्हणाली. "माझ्या पायावर पडलं पानी."

चौथ्या टँकरला तेच. पाचव्यालाही तेच. मी आणि गोदू भर दुपारी ओहोळात बसायचो, झऱ्यात पाणी साठायची वाट बघत. एक हंडा भरायला तासभर लागायचा. तेवढ्या वेळात बोलायला एकच विषय.

"टाकी भरते सगळ्यांसमोर," गोदू म्हणायची. "मापं मोजून देतात सगळ्यांसमोर. मग आपलं पानी जातं कुठं?"

"चावी कुनाकडं आहे?" मी विचारायचे. उत्तर दोघींनाही माहीत होतं.

एकदा हे डोक्यात शिरलं की मला सगळं वेगळंच दिसायला लागलं. सावळीकाकीच्या मागल्या दारी कारल्याचा वेल होता. मे महिन्यात आमच्या अंगणात तुळस वाळली होती आणि तिचा वेल हिरवागार, पिवळ्या फुलांनी भरलेला. तिचं लुगडं धुतलेलं असायचं. तिच्या उंबऱ्याजवळची माती ओलसर असायची. आधी हे मी रोज बघत होते आणि कधी मनात आलं नव्हतं. ती एकटीच आहे आणि तिलाही आमच्यासारखीच वीस मापं मिळतात, म्हणजे तिच्याकडे पाणी उरणारच, एवढा साधा हिशोबही मला सुचला नाही. मला फक्त वेल दिसायचा.

ती नळाशी बसली की मी तिच्या हाताकडे बघत राहायचे. माप काठोकाठ भरतेय का, ओतताना थेंब तिच्या पायाशी ठेवलेल्या भांड्यात पडतात का. एक दिवस तिनं मान वर केली.

"काय बघतेस गो रखमी?"

"काय नाय."

"बघ बघ," ती हसून म्हणाली. तिला वाटलं मी मापं मोजतेय.

धर्मादादांची नवी सून हर्षाली नळावर आली की सावळीकाकी तिच्याशी चार शब्द जास्त बोलायची. हर्षाली आसनगावची, बारावी झालेली, मार्चमध्येच लग्न होऊन आली होती. गोदू मला कोपरानं ढोसायची. "बघ. कारभाऱ्याच्या सुनेला कसं गोड गोड बोलते. तिकडंही जात असंल दोन हंडे." मी मान हलवायचे. मला तेही खरं वाटायला लागलं होतं.

सहाव्या टँकरलाही आम्हाला पाणी मिळालं नाही तेव्हा माझ्या धाकट्या मुलीला जुलाब लागलेले होते. झऱ्याचं पाणी गढूळ, उकळून गाळून दिलं तरी ती पीत नव्हती. दुपारी मी गोदूला घेऊन सावळीकाकीच्या दारात गेले. ती शेळीला पाला टाकायला मागं गेली होती. आम्ही हाक न मारता आत शिरलो.

कोपऱ्यात रांजण होता. वर फळी, फळीवर तांब्या पालथा. मी फळी उचलली. रांजण गळ्यापर्यंत भरलेला, पाणी नितळ, आत माझं तोंड दिसत होतं.

"बघितलंस?" गोदू म्हणाली.

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी दोन्ही हातांनी रांजणाच्या काठाला धरलं आणि ओढलं. रांजण कलंडला, चुलीपर्यंत पाणी गेलं, राख वाहून दारात आली. आवाज ऐकून सावळीकाकी धावत आली आणि उंबऱ्यात थांबली. मी ओरडून ओरडून बोलत होते. आमचं पाणी चोरतेस, आमची पोरं आजारी पडतात, तुझा वेल हिरवा राहतो. बाहेर बायका गोळा झाल्या.

ती माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती. मातीत पाणी जिरत होतं ते.

"सांडलंस," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी टाकीजवळ सगळा पाडा जमला. सावळीकाकी आली, तिनं चावी आणि माप धर्मादादांसमोर ठेवलं आणि बाजूला जाऊन बसली. गोदूनं सगळं सांगितलं, वेल, लुगडं, भरलेला रांजण. वरच्या आळीतल्या बायकाही बोलल्या. ज्यांना एकदाही पाणी कमी पडलं नव्हतं त्याही म्हणाल्या की आम्हाला आधीपासून वाटतच होतं.

"सावळे, तुला काय बोलायचंय?" धर्मादादांनी विचारलं.

"मी वीस मापं घेतली. एकविसावं घेतलं असंल तर माझे हात झडोत."

"मग पानी जातं कुठं?" गोदू ओरडली.

"मला काय माहीत?"

धर्मादादा म्हणाले, "उद्या पंचायतीत जातो. त्यांना सांगतो, मानूस बदलतो." ते उठणार तेवढ्यात मागून हर्षाली म्हणाली, "बाबा, त्याआधी एकदा माप मोजून बघू या."

सासऱ्यासमोर चारचौघांत बोलायची तिची ती पहिली वेळ असेल. धर्मादादांचा चेहरा कडक झाला. "मापानं पानी मोजतात गो. माप कशानं मोजायचं?"

"माझ्याकडे दोन कुकर आहेत. एक पाच लिटरचा, एक तीन लिटरचा. लग्नात आलेले."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "चार लिटरचं माप मोजायला पाच आनि तीनचा कुकर! बारावी झाली म्हंतात." मला हसू आलं नाही. मला वाटलं, ही काकीला वाचवायला निघाली. दोघींचं काहीतरी आहेच.

"उद्या सकाळी," धर्मादादा म्हणाले. "पन सगळ्यांसमोर."

सकाळी हर्षालीनं टाकीच्या चौथऱ्यावर पितळी घंगाळं, एक हंडा, एक मोठी परात, दोन्ही कुकर आणि स्टीलचा पेला आणून ठेवला. पाणी तिच्याच घरचं होतं. थेंब सांडला तर परातीत पडावा म्हणून सगळं ओतणं ती परातीत ठेवून करणार होती. कुकर नवे होते. तीन लिटरच्या कुकरचं खोकंसुद्धा तिनं सोबत आणलं होतं. आत कुठे रेघ नाही, आकडा नाही. फक्त बुडाला बाहेरून ५ आणि ३ असे आकडे ठोकलेले.

मी पुढे झाले. "बुडावर लिहिलं म्हंजे खरं कशावरून? कंपनीनं काहीपन लिहिलं असंल."

मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "वहिनी, बरोबर विचारलंत. तेच आधी बघू. तुम्हीच भरा."

तिनं मला पाचचा कुकर काठोकाठ भरून तीन वेळा घंगाळ्यात ओतायला लावला. पाणी जिथं पोचलं तिथं आतल्या बाजूनं कोळशानं खूण केली. मग सगळं पाणी हंड्यात काढलं आणि तीनचा कुकर पाच वेळा भरून घंगाळ्यात ओतायला लावला. "पाचचे तीन म्हणजे पंधरा. तीनचे पाच म्हणजे पंधराच. आकडे खरे असतील तर पाणी त्याच खुणेला यायला हवं." पाचवा कुकर मी हळूहळू ओतला. पाणी चढत चढत कोळशाच्या रेघेला येऊन लागलं आणि तिथंच थांबलं. माझ्या मागे उभ्या असलेल्या गोदूनं वाकून बघितलं.

"आता चार लिटर काढते," हर्षाली म्हणाली. तिनं पाचचा कुकर भरला. त्यातून तीनचा भरला.

"पाचमध्ये उरलं किती?"

"दोन," धर्मादादा म्हणाले. ते आता जवळ येऊन बसले होते.

तिनं तीनचा कुकर घंगाळ्यात रिकामा केला आणि पाचमधलं दोन लिटर त्यात ओतलं. "आता ह्याच्यात दोन आहेत. अजून एकच लिटर मावेल." मग पाचचा पुन्हा काठोकाठ भरला आणि त्यातलं पाणी तीनच्या कुकरमध्ये सोडत राहिली. तीनचा काठाला आला, तिनं हात थांबवला.

"एक लिटर गेलं. पाचमध्ये राहिले चार."

"हे इकडून तिकडं ओतायचं कुठं शिकलीस?" धर्मादादांनी विचारलं.

"मामानं शिकवलं. भातसानगरला धरणावर कामाला आहे तो. सुट्टीत गेलं की असली कोडी घालायचा. पाच आणि तीनच्या भांड्यांनी चार काढून दाखवलं की मगच जेवायला वाढायचा."

कोणी हसलं नाही. तिनं माप परातीत ठेवलं. आमच्या सगळ्यांच्या नजरा त्या पत्र्याच्या डब्यावर होत्या. माझी खात्री होती की माप लहान निघणार. लहान माप म्हणजे प्रत्येकाकडून थोडं थोडं पाणी मागे राहिलं आणि ते काकीनं नेलं. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. तिनं चार लिटर मापात ओतलं. आता बाहेर सांडणार म्हणून मी परातीकडे बघत होते.

सांडलं नाही. माप भरलंच नाही. पाणी काठाच्या खाली दोन बोटं थांबलं.

कुणाला काही कळेना. हर्षालीनंही क्षणभर मापाकडे बघितलं आणि मग पुन्हा कुकर हातात घेतले. तीनचा भरून पाचमध्ये ओतला, पुन्हा तीनचा भरून पाचमध्ये मावेल तेवढं ओतलं. "आता तीनमध्ये एक लिटर उरलं." तो लिटर ती पेल्यानं मापात ओतायला लागली. एक पेला. दोन. तिसऱ्या पेल्याला माप काठोकाठ भरलं. कुकरमध्ये उरलेलं पाणी तिनं पेल्यानं मोजलं, तेही तीन पेले.

"अर्धा लिटर," ती म्हणाली. "माप साडेचार लिटरचं आहे."

"मोठं आहे?" गोदू म्हणाली.

"मोठं आहे. वीस मापांना दहा लिटर जास्त. प्रत्येक घरी ऐंशीऐवजी नव्वद लिटर गेलं. बावीस घरांना एक हजार नऊशे ऐंशी. टाकीत उरले वीस. तेच ठकीवहिनींना मिळाले. गोदूवहिनींना आणि रखमीवहिनींना काही उरलंच नाही."

ती हे बोटांवर मोजत सांगत होती आणि वरच्या आळीतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. पाणी कुणी चोरलं नव्हतं. ते त्यांच्याच हंड्यांत गेलं होतं, दर टँकरला, सगळ्यांसमोर, मोजून.

"पन पहिल्या दोन टँकरांना पुरलं होतं की," धर्मादादा म्हणाले.

हर्षालीनं माप रिकामं करून उलटं केलं. बुडाचा पत्रा नवा होता, चकचकीत, डाग दिलेला. "हे बूड कधी बदललं?"

सावळीकाकी आदल्या संध्याकाळसारखीच बाजूला बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "दुसऱ्या टँकरला गळाया लागलं होतं. जुनं बूड वर बसवलेलं होतं, दोन बोटं आत. गंजलं होतं. धसईला पाठवून करून आनलं."

"कुणाबरोबर?"

तिनं उत्तर दिलं नाही. माझ्या शेजारी माझा नवरा, कमळू, उभा होता. त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला.

"मी नेलं होतं," तो म्हणाला. "बाजाराला चाललो होतो. पत्रेवाला म्हनाला, बूड खाली कडेला बसवतो, परत गळनार नाय. मी म्हटलं बसव. मला काय माहीत?"

गोदू माझ्याकडे वळली. तिचे ते डोळे मी विसरणार नाही. ओहोळाकाठी आठवडाभर माझ्यासोबत बसलेली बाई. "म्हंजे तुझ्याच घरातनं झालं हे! आनि तू तिचा रांजन उलथलास! तुला माहीत होतं ना गो?"

"नाय गो! शप्पत नाय! आमालाही पानी नव्हतं मिळत, तुझ्यासारखंच..."

"ह्यो नवरा कुठनंतरी आनत असंल रोज."

मी बोलत होते, शपथा घेत होते, आणि आजूबाजूच्या तोंडांवर माझा शब्द पोचत नव्हता. मागच्याच दिवशी मीही तसंच तोंड करून उभी होते. धर्मादादांनी ओरडून सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, "कमळू वेडा आहे काय, स्वतःच्या घराचं पानी तोडायला? बास आता."

मग नवीनच वाद निघाला. वरच्या आळीतल्या दोघी तिघी म्हणाल्या की माप आहे तसंच राहू दे, घराला वीसच मापं द्या, खालच्यांना वेगळा टँकर मागा. आमचं कमी का करता? धर्मादादांनी ऐकून घेतलं आणि काहीच न बोलता हर्षालीला पुन्हा चार लिटर काढायला सांगितलं. ते मापात ओतलं, पाण्याच्या रेघेवर खूण केली, माप रिकामं केलं आणि खिळा घेऊन स्वतःच्या हातानं त्या खुणेवर एक भोक पाडलं. "ह्याच्या वरचं पानी बाहेर जाईल. ते खाली घंगाळ्यात धरायचं आनि शेवटच्या घराला द्यायचं. उद्यापासनं वाटप एकदा वरनं, एकदा खालनं."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. पंचविसाव्या घराला विसावं माप मिळालं तेव्हा नळातून बारीक धार येतच होती.

पण ते माप सावळीकाकीनं भरलं नाही. धर्मादादांनी चावी तिच्यापुढे धरली होती. ती म्हणाली, "मी म्हातारी झाले. दुसऱ्या कुनाला द्या." सगळ्यांना माहीत होतं ती म्हातारी झाली नव्हती. मग चावी हर्षालीकडे गेली. तिनं माझं नाव घेतलं. का घेतलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाऊस लागेपर्यंत मी नळावर बसले. प्रत्येक बाईची नजर माझ्या हातावर असायची, भोकातून पाणी यायचं थांबलं की नाही याच्यावर असायची. कुणी कुणी पेला घेऊन यायची आणि घरी जाऊन मोजायची.

पहिल्याच दिवशी, वाटप झाल्यावर, माझ्या वाट्यातला एक हंडा डोक्यावर घेऊन मी सावळीकाकीच्या दारात गेले. ती भाकरी थापत होती. चुलीजवळची जमीन तिनं नव्यानं सारवली होती. रांजण कोपऱ्यात सरळ उभा होता, पण त्याच्या काठाला मोठी चीर गेलेली.

"काकी, पानी आनलंय," मी म्हटलं. "तुझं सांडलं होतं ते."

"पोरीचं पोट कसं आहे?"

"बरं आहे आता."

"मग ते तिला ने."

"काकी, चुकलं माझं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. ती शेकली, उलटली, फुगली. काकी माझ्याकडे वळलीच नाही. मी हंडा उंबऱ्याच्या आत ठेवला आणि निघाले. संध्याकाळी हंडा माझ्या दारात होता, भरलेलाच, वर स्वच्छ फडकं बांधलेलं.

पुढं ती नळावर यायची, रांगेत उभी राहायची, वीस मापं घ्यायची. मी एक म्हटलं की तीही मनात मोजायची, तिचे ओठ हलताना दिसायचे. शेवटी हंडा उचलून जायची. पाड्यात लग्नं झाली, बारशी झाली, ती सगळीकडे गेली, माझ्याकडे सोडून. गोदू मात्र आठवडाभरात माझ्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली, जसं काही झालंच नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी सावळीकाकीची शेळी सुटली आणि सापडेना. मी भाताच्या खाचरात कापणी करत होते. बांधावरून हाक आली.

"रखमी, शेळी बघितलीस का गो?"

मी विळा टाकला आणि बांधावर चढले. "ओहोळाकडं गेली असंल काकी. चल, मीपन येते."

ती पुढे झाली, मी मागे.